सीपॅप सहन होत नाही, मशीन विकून ऑपरेशन करू का?

नमस्कार. तुम्ही बरंच तपशीलवार लिहिलंय, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. वय 54, राहायला कोल्हापुरात, वजन 96 किलो, रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू. घरच्यांनी फार मागे लागून स्लीप स्टडी करायला लावली, त्यात एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो, तो आकडा) 42 आला आणि झोपेत ऑक्सिजन 74 टक्क्यांपर्यंत उतरलेला दिसला. डॉक्टरांनी स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, असल्याचं सांगून ऑटो सीपॅप लिहून दिलं, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं आणि गरजेप्रमाणे दाब आपोआप बदलणारं मशीन. मशीन घेऊन महिना होत आला, पण मास्क लावला की गुदमरल्यासारखं होतं, कसाबसा डोळा लागला तरी दीड-दोन वाजता जाग येते तेव्हा मास्क उशीशेजारी पडलेला असतो, सकाळी तोंडाला कोरड आणि पोट गच्च. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की मशीन सहनच होत नाही तर ते विकून घशाचं ऑपरेशन करून टाकू का, की हे आता जन्मभर लावायचं?

मी स्लीप टेक्नॉलॉजिस्ट आहे. रात्री पेशंटच्या डोक्याला-छातीला तारा लावायच्या, काचेपलीकडे बसून स्क्रीनवर त्यांचा श्वास बघायचा आणि नंतर त्यांना मास्क बसवून द्यायचा, हे माझं काम, आणि त्यात बरीच वर्षं गेली. मी डॉक्टर नाही. दाबाचे आकडे बदलायचे ते तुमच्या डॉक्टरांनीच. पण त्यांच्याकडे जाऊन नक्की काय विचारायचं, हे मी नीट सांगू शकते.

मला विचाराल तर ‘मशीन की ऑपरेशन’ हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. तुमचा खरा प्रश्न आहे, रात्री दीड वाजता तो मास्क का निघतो? ‘सहन होत नाही’ असं म्हणणारे जे लोक माझ्यासमोर येऊन बसतात, त्यांच्या त्या एका वाक्यामागे निरनिराळी कारणं असतात. कुणाचं नाक बंद असतं, कुणाच्या मास्कचं माप चुकलेलं असतं, कुणाला हवा कमी पडते, कुणाला जास्त होते, कुणाला तोंडावर काही बांधलं की मुळात भीतीच वाटते. प्रत्येकाचा उपाय वेगळा. कारण न शोधता मशीनलाच दोष दिला की सगळे उपाय तिथेच थांबतात. तुमच्या बाबतीत यातली निदान तीन-चार कारणं एकत्र आलेली मला दिसतात, आणि ती सगळी दुरुस्त होण्याजोगी आहेत. म्हणून मशीन एवढ्यात विकू नका.

आधी मध्यरात्रीचं बघू. झोपेत आपण टप्प्याटप्प्यानं जातो. स्वप्नांची झोप, जिला रेम म्हणतात, ती रात्रीच्या पहिल्या भागात थोडी असते आणि पहाटेकडे वाढत जाते. रेममध्ये शरीराचे स्नायू सैल पडतात, त्यात घशाचेही आले. म्हणजे घसा मिटण्याची शक्यता उत्तररात्री वाढते, ऑक्सिजनही बहुधा तेव्हाच जास्त खाली जातो, आणि मशीनला दाब वाढवावा लागतो. दाब वाढला की मास्कची कड थोडी उचलते, फट पडते, हवा डोळ्यांत किंवा गालावर सुटते, आणि माणूस अर्धवट झोपेत मास्क ओढून काढतो. सकाळी त्याला आठवतही नाही. तेव्हा मास्क ‘आपोआप’ निघतो असं जे तुम्हाला वाटतं ते अगदी स्वाभाविक आहे. पण यातला तोटा लक्षात घ्या. पहिले दोन तास मास्क लावून तुम्ही रात्रीचा त्यातल्या त्यात सोपा भाग सांभाळता आणि अवघड भाग उघडा सोडता. सकाळी उठल्यावर काहीच फरक वाटत नाही, तो यामुळे.

एएचआय 42 म्हणजे तासाला 42 वेळा श्वास थांबला किंवा फार उथळ झाला, आणि प्रत्येक वेळी निदान 10 सेकंद. सरासरी काढली तर दर दीड मिनिटाला एकदा. 30 च्या वर गेलं की तीव्र म्हणतात. हे घाबरवायला सांगत नाही. एवढ्या वेळा झोप मोडत असेल तर दोन तासांच्या उपचारानं दिवसभराची पेंग जाणार नाही, एवढंच दाखवायचं आहे.

आता तुम्ही टाकलेला सेटिंगचा फोटो. त्यात किमान दाब 4 आणि कमाल 20 दिसतोय (हा दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात). बरीच ऑटो मशीनं विक्रेत्याकडून अशीच येतात आणि पुष्कळदा तशीच राहून जातात. या दोन आकड्यांत तुमच्या दोन तक्रारींचं मूळ असू शकतं.

4 हा सीपॅपचा सर्वांत कमी दाब. नवीन माणसाला वाटतं, कमी दाब म्हणजे कमी त्रास. पण तुमच्या अंगकाठीच्या माणसाला मास्क लावून 4 वर श्वास घ्यायला लावला तर बऱ्याचदा हवा पुरत नाही. म्हणजे गुदमरल्यासारखं वाटतं ते हवा फार आल्यानं नव्हे, कमी आल्यानं. लॅबमध्ये मी हे अनेकदा बघते. किमान दाब 6 किंवा 7 वर नेला की समोरच्या माणसाचे खांदे खाली येतात आणि तो म्हणतो, आता बरं वाटतंय. रॅम्पचंही तसंच. रॅम्प म्हणजे मशीन सुरू केल्यावर दाब कमी ठेवून हळूहळू वाढवायची सोय. काहींना ती फार उपयोगी पडते, आणि काहींना तीच पहिली वीस मिनिटं नकोशी करते. तुम्ही एक रात्र रॅम्प बंद करून बघा. तेवढं पेशंटच्या मेनूत बहुतेक मशीनवर असतं, त्याला डॉक्टर लागत नाही.

कमाल 20 चा त्रास उलटा. मशीन हुशार असलं तरी त्याला तुमचा चेहरा दिसत नाही. मास्कमधून बरीच हवा गळायला लागली की त्याचा अंदाज चुकू शकतो आणि ते गरज नसताना दाब चढवत नेतं. ती जास्तीची हवा अन्ननलिकेतून पोटात उतरते. सकाळी पोट गच्च, ढेकर, वात, हे त्याचंच. यावर उपाय मशीनच्या नोंदीत आहे. तुमचं मशीन रोज रात्री किती तास चाललं, किती गळती झाली, किती दाब लागला आणि एएचआय किती उरला, हे सगळं लिहून ठेवतं. त्यात ‘95 टक्के दाब’ असा एक आकडा असतो. म्हणजे चाललेल्या वेळातल्या 95 टक्के वेळात दाब त्या आकड्याला किंवा त्याच्या खाली होता. समजा तो 11 आला, तर तुम्हाला 20 पर्यंतची मोकळीक हवी कशाला? डॉक्टर ती 12-13 वर आणतील. पण गळती जास्त असलेल्या रात्रींचा आकडा धरू नका, तो फसवा असतो. आधी गळती आटोक्यात आणायची, मग दाब ठरवायचा. हा क्रम महत्त्वाचा आहे.

श्वास सोडताना समोरून हवा ढकलतेय असं वाटत असेल तर त्यावरही सोय असते. कंपनीप्रमाणे नाव वेगळं, पण काम एकच, तुम्ही उच्छ्वास टाकता तेवढ्यापुरता दाब थोडा उतरतो. ती चालू आहे का, हे डॉक्टरांना किंवा मशीन देणाऱ्या माणसाला विचारा.

दाबाबद्दल आणखी एक सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की ‘हे यंत्र जबरदस्तीनं माझ्यात ऑक्सिजन भरतं’. ते ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा गाळून थोड्या दाबानं देतं. शहाळं पिताना मऊ पडलेली कागदी नळी जोरात ओढली की तिच्या भिंती आत चिकटतात ना, झोपेत तुमच्या घशाचं तेच होतं. आतून हवेचा हलका दाब ठेवला की भिंती चिकटत नाहीत. श्वास तुमचा तुम्हीच घेता. ही युक्ती 1981 साली सिडनीच्या कॉलिन सुलिवन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. सीपॅपचा कंटाळा आलेल्या पेशंटना मी हे मुद्दाम सांगते.

आता नाक. नाक वर्षानुवर्षं बंद असतं हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण माझ्या मते सगळ्या पत्रातलं तेच सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. नाकातून हवा जायला जागा नसेल तर कितीही महागडं मशीन आणा, ते चालणार नाही. तुम्ही तोंड उघडणार, तोंडातून हवा सुटणार, तोंड कोरडं पडणार. तेव्हा या आठवड्यातलं पहिलं काम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणं. पडदा वाकडा आहे का, ॲलर्जीची सूज आहे का, आत काही वाढलंय का, ते बघतील. बऱ्याच जणांना स्टिरॉइडचा नाकात मारायचा फवारा आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं एवढ्यावर फरक पडतो. फवाऱ्याचा गुण यायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी सोडून देऊ नका. जलनेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट नको. आणि मेडिकलमधून मिळणारे ते झटपट नाक मोकळं करणारे थेंब रोज रात्री टाकत असाल तर थांबा. चार-पाच दिवसांच्या वर ते वापरले की त्यांच्यामुळेच नाक जास्त बंद व्हायला लागतं, आणि मग थेंबांशिवाय झोपच येत नाही.

पडदा फारच वाकडा असेल तर नाकाचं छोटं ऑपरेशन सुचवतील. त्यानं स्लीप ॲप्निया बहुधा जात नाही, पण मशीन लावणं सुसह्य होतं आणि कधीकधी लागणारा दाबही कमी होतो. ‘ऑपरेशन केलं, तरी मशीन लागतंच, मग फसवलं’ असं नंतर वाटू नये म्हणून हे आत्ताच सांगते.

मास्ककडे वळू. तुम्हाला नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क दिलाय, कारण तुम्ही तोंडानं श्वास घेता. हा विचार वरवर बरोबर वाटतो. पण मोठ्या मास्कची कड लांबलचक असते, म्हणून गळायच्या जागा जास्त. शिवाय त्याचे पट्टे खालचा जबडा मागे ओढतात, त्यानं घसा आणखी अरुंद होऊ शकतो आणि दाब जास्त लागतो. नाक मोकळं झाल्यावर पुष्कळ लोक फक्त नाकाच्या मास्कवर आरामात राहतात, तोंडही आपसूक मिटलेलं राहतं. सगळ्यांचं असं होतं असं मी म्हणणार नाही. काहींना मोठाच मास्क लागतो आणि त्यांचं छान चालतं. पण नाकाचा उपचार झाल्यावर एकदा लहान मास्क लावून बघायला मिळावा, असा आग्रह जरूर धरा. चांगला विक्रेता दोन-तीन प्रकार लावून दाखवतो.

तुम्हाला मिशी आहे, असंही लिहिलंय. मिशी काढा असं मी कुणालाच सांगत नाही. भरघोस मिशीवर नाकाच्या मास्कची कड नीट टेकत नाही हे खरं, पण नाकपुड्यांत टेकणाऱ्या छोट्या उशांचा जो मास्क येतो, तो मिशीवाल्यांना बरेचदा चालतो. तोंडाला बंदिस्त वाटणाऱ्यांनाही तो आवडतो, कारण डोळ्यांसमोर काही येत नाही, चष्मा लावून वाचता येतं.

मास्क बसवताना लोक हमखास जे करतात ते म्हणजे आरशासमोर उभं राहून, मशीन बंद ठेवून पट्टे ओढणं. आडवं झाल्यावर गाल सैल पडून चेहऱ्याचा आकार बदलतो. कवळी काढून झोपत असाल तर आणखी बदलतो. म्हणून मशीन चालू करा, उशीवर डोकं ठेवून नेहमीसारखे आडवे व्हा, मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलून परत टेकवा, म्हणजे कड हवेनं फुगून नीट बसेल, आणि मग पट्टे जेमतेम लागतील एवढेच आवळा. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. गळतंय म्हणून करकचून आवळलं की कड चुरगळते आणि जास्तच गळतं, वर नाकाच्या हाडावर वळ उठतो. वळ उठून कातडी सोलली असेल तर माप किंवा प्रकार चुकलाय असं समजा आणि बदलून घ्या.

आपल्याकडची एक गोष्ट परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाही, ती म्हणजे तेल. रात्री डोक्याला तेल चोळायची किंवा चेहऱ्याला क्रीम लावायची सवय असेल तर मास्कची सिलिकॉनची कड घसरते आणि लवकर खराब होते. तेल सकाळी, अंघोळीआधी लावा. झोपण्यापूर्वी चेहरा साबणानं धुऊन कोरडा करा आणि मास्कची कडही रोज सकाळी सौम्य साबणाच्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. एवढ्यानंही गळती खूप कमी झालेली मी पाहिली आहे.

इथपर्यंतचा क्रम असा: नाक, मग मास्क, मग गळतीचा आकडा, मग डॉक्टरांकडून दाबाची हद्द. या सगळ्याबरोबर रोज चालवायचं एक काम आहे, मास्कची ओळख करून घ्यायचं, आणि ते रात्री करायचं नाही.

तुम्ही रोज रात्री दमून, झोप आलेली असताना, मनात धाकधूक घेऊन मास्क लावता. अनोळखी वस्तूशी जमवून घ्यायची ती वेळच नव्हे. हे दिवसा, जागेपणी करा. संध्याकाळी बातम्या बघताना नुसता मास्क, नळी न लावता, हातानं नाकावर धरून बसा. पट्टे बांधू नका. कधीही काढता येतो हे मनाला पटलं की निम्मी भीती जाते. ते सहज जमायला लागलं की पट्टे बांधून बसा. मग नळी जोडून, मशीन चालू करून, खुर्चीतच. तोंड मिटून नाकानं श्वास, आणि घाईघाईनं खोल श्वास घ्यायचे नाहीत. मास्कमधून हवेचा बारीक झोत सतत बाहेर जात असतो, तो मुद्दाम ठेवलेल्या छिद्रांतून. तुमचा उच्छ्वास त्यातूनच निघून जातो. ती गळती नव्हे, आणि ती छिद्रं कुणी चिकटपट्टीनं बुजवू नयेत. मशीन लावून अर्धा तास कंटाळा येईपर्यंत बसता आलं की मग आडवे होऊन, आणि मग दुपारच्या वामकुक्षीला. प्रत्येक पायरीवर किती दिवस, हे माणसागणिक बदलतं. काही जण दोन-चार दिवसांत पुढे सरकतात, काहींना दोन-तीन आठवडे लागतात. आधीपासून बंद लिफ्टची किंवा गर्दीची भीती असेल तर जास्त वेळ लागेल, आणि अशा वेळी समुपदेशकाची मदत खरोखर उपयोगी पडते. त्यात कमीपणा मानू नका.

रात्री जाग आली आणि मास्क काढलेला दिसला तर चिडू नका, उठून पाणी प्या, मशीन बंद करून पुन्हा सुरू करा म्हणजे दाब परत खालून चढेल, आणि मास्क लावून आडवे व्हा. पाच मिनिटांत नाही जमलं तर त्या रात्रीपुरतं कुशीवर झोपा. पण ‘आज एकदा निघालाय, आता उद्या बघू’ ही सवय लावून घेऊ नका. सुरुवातीच्या आठवड्यांत जसा वापर बसतो तसाच तो पुढे टिकताना दिसतो, म्हणून या दिवसांत थोडा जास्त आग्रह धरायला सांगते. झोपेची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका, आणि रात्री दारू घेत असाल तर ती निदान मशीनशी जमेपर्यंत तरी पूर्ण बंद ठेवा. दारूनं घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

पोट फुगण्यासाठी दाबाव्यतिरिक्त दोन गोष्टी करून बघा. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आणि हलकं. पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच. आंबट ढेकर, छातीत जळजळ होत असेल तर त्याचा उपचार डॉक्टरांकडून घ्या, ते दोन्ही त्रास एकमेकांना वाढवतात.

पाण्याचं आणि विजेचं पटकन सांगते. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवेला ओलावा देणाऱ्या मशीनच्या भांड्यात, मेडिकल दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं नको, क्षार साचून भांडं पांढरं पडतं. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाका. तोंड-नाक कोरडं पडत असेल तर ओलावा एक-दोन पायऱ्या वाढवा. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो, तेव्हा नळी पांघरुणाखालून घ्या आणि मशीन डोक्याच्या पातळीखाली ठेवा. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा ओलावा कमी करून चालतं. मच्छर कॉइल, धूप, उदबत्ती मशीनजवळ नको, ते खोलीतलीच हवा ओढतं. फिल्टर महिन्यातून एकदा बघा, काळवंडला असेल तर बदला. लाइट जाते तिथे मशीन इन्व्हर्टरवर लावताना ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी बंद ठेवा, खरी वीज तीच खातात. मशीनच्या आतला नुसता पंखा थोड्या विजेवर रात्रभर चालतो. रेल्वेच्या रात्रीच्या प्रवासात डब्यातल्या चार्जिंगच्या सॉकेटवर विसंबू नका, अनेक गाड्यांत ते रात्री 11 ते पहाटे 5 बंद ठेवतात. बॅटरी सोबत हवी.

आता तुमचा मूळ प्रश्न, ऑपरेशनचा. टॉन्सिल खूप मोठे असतील तर ते काढून चांगला फरक पडू शकतो. टाळूच्या मागचा भाग कापून शिवायचं ऑपरेशनही करतात, पण त्याचा गुण कुणाला किती येईल हे घसा नेमका कुठे मिटतो यावर अवलंबून असतं. जीभ मागे पडून घसा मिटत असेल तर टाळूच्या ऑपरेशनचा काय उपयोग? म्हणून औषधानं झोपवून दुर्बिणीतून घसा बघायची एक तपासणी असते, ती न करता कुणी तारीख देत असेल तर दुसरं मत घ्या. जबडा पुढे आणायचं ऑपरेशन परिणामकारक आहे, पण ते फार मोठं. दातांत लावायचं, खालचा जबडा पुढे धरणारं एक साधन दंतवैद्य करून देतात. ते सौम्य-मध्यम आजारात पहिल्या पसंतीचं असू शकतं. तुमच्या 42 ला मी आधी मशीनच सुचवीन, पण सगळं करूनही मशीन जमलंच नाही तर काहीच न करण्यापेक्षा ते साधन नक्की बरं. रिपोर्टमध्ये पाठीवर झोपल्याचा एएचआय आणि कुशीवरचा एएचआय वेगवेगळा दिलेला असतो, तोही बघा. कुशीवर तो खूपच कमी असेल तर पाठीवर न झोपण्याची सवय हा उपचाराचा मोठा भाग होईल.

जन्मभर लावायचं का? याचं उत्तर बऱ्याच अंशी वजनावर आहे, आणि थोडं जबड्याच्या ठेवणीवर, जी आपल्या हातात नाही. आपल्याकडे तुलनेनं बारीक माणसांतही हा आजार दिसतो, त्यामागे जबड्याची ठेवण असते. वजनाबद्दल 2000 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की वजन 10 टक्के घटलं की एएचआय साधारण 26 टक्क्यांनी घटतो, आणि तितकंच वाढलं की सुमारे 32 टक्क्यांनी वाढतो. तुमच्यापुरता हिशेब करू. 96 चे 86 किलो झालात तर 42 चा साधारण 31 होईल. म्हणजे फायदा निश्चित, पण मशीन सुटेल इतका नाही. वजन आणखी बरंच उतरलं तर सुटूही शकतं. टिर्झेपटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासह असलेल्या मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मंजूर झालं आणि 2025 पासून ते भारतातही मिळतं. ते तुमच्यासाठी योग्य आहे का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. कोणत्याही मार्गानं वजन उतरलं तरी पुन्हा स्लीप स्टडी केल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. घोरणं थांबलं म्हणजे श्वास थांबणं थांबलं, असं नसतं.

फायद्याबद्दलही जे आहे तेच सांगते. ‘मशीन नाही लावलं तर हार्ट अटॅक येईल’ अशी भीती तुम्हाला घातली गेलीय, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, जिच्यात भारतातलीही केंद्रं होती, हृदयविकार किंवा पक्षाघाताचा इतिहास असलेल्या लोकांत सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. त्यात फार पेंग येणारे लोक घेतले नव्हते आणि सरासरी वापर रात्री साडेतीन तासांच्याही आत होता, त्यामुळे तेवढ्यावरून शेवटचा निकाल लावता येत नाही. पण भीती घालून मशीन लावायला लावणं मला पटत नाही. पक्का फायदा दिसतो तो दिवसाच्या पेंगेत, लक्ष लागण्यात, घोरण्यात आणि थोडाफार रक्तदाबात. रक्तदाबाची घट सरासरीत लहानच असते, पण अनेक गोळ्या घेऊनही ज्यांचा दाब उतरत नाही त्यांच्यात ती जास्त दिसते. रात्री लघवीला उठणं आणि सकाळचं डोकं जड होणं, हेही पुष्कळांचं कमी होतं. तुमचं रात्री तीनदा उठणं प्रोस्टेटमुळे असेल असं तुम्ही धरून चाललाय. तसं असूही शकतं, पण मशीन पूर्ण रात्र चालायला लागल्यावर ते किती उरतं ते आधी बघा.

तीन गोष्टींत मात्र मी अजिबात सूट देणार नाही. महामार्गावर गाडी चालवताना डुलकी लागते असं तुम्ही लिहिलंय. रात्रभर मशीन चालायला लागून पेंग जाईपर्यंत पुणे-कोल्हापूर स्वतः गाडी चालवू नका, मुलाला चालवू द्या किंवा एसटीनं जा. दुसरं, दाताच्यापासून हर्नियापर्यंत कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्लीप ॲप्निया आहे हे आधी सांगा आणि मशीन सोबत घेऊन जा. तिसरं, मशीन चालू असूनही उरलेला एएचआय 5 च्या वर राहत असेल तर नुसतं ‘चालतंय ना’ म्हणून सोडू नका. कधीकधी दाबावर आल्यावर वेगळ्या प्रकारचे श्वासाचे थांबे दिसतात, ज्यात घसा उघडा असतो पण मेंदूकडून श्वासाचा संदेशच येत नाही. बरेचदा ते काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. कमी झाले नाहीत तर डॉक्टरांना मशीनचा प्रकार किंवा सेटिंग बदलावं लागतं, आणि हृदय कमजोर असेल तर ते जास्तच काळजीनं बघावं लागतं.

वहिनींचंही सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की त्या आता दुसऱ्या खोलीत झोपतात. पहिले काही आठवडे शक्य असेल तर त्यांना त्याच खोलीत झोपायला सांगा. तुम्ही मास्क कधी काढता, हवा कुठून सुटते, तोंड उघडं पडतं का, हे त्यांनाच दिसेल. काढलेला मास्क परत लावायला त्यांनी हलकेच उठवलं तर रागावू नका. मशीनचा आवाज पंख्याहून कमी असतो. शिट्टीसारखा किंवा फरफर आवाज येत असेल तर तो मास्कच्या गळतीचा.

आधी नाक दाखवून या, मास्क आडवं होऊन नीट बसवून घ्या, आणि मग सलग सात रात्रींचे हे चार आकडे इथेच लिहा: किती तास चाललं, गळती किती, 95 टक्के दाब किती, उरलेला एएचआय किती. मशीनच्या ॲपमध्ये सगळी गोळाबेरीज करून शंभरपैकी गुण देतात, ते मला नकोत, मूळ आकडे हवेत. त्यासोबत कोणत्या रात्री मास्क किती वाजता निघाला हे वहिनींना विचारून लिहिलंत, तर डॉक्टरांकडे जाताना काय काय विचारायचं याची यादी मी करून देते.